अमक्याचा पठ्ठा

आमच्या केम गावात लाल रंग दोन ठिकाणी भेटायचा. एक कुंकवाच्या कारखान्यात. तिथून घरी परतणाऱ्या बायकांच्या नखांच्या कडा आणि टाचांच्या भेगा लाल असत. दुसरा तालमीच्या हौदात. हौदातली माती नुसती माती नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवतात, तेव्हा कुठे ती अंगाला मानवते. हळदीचं मोल कुंकवाच्या गावाला काय सांगायचं!

वडिलांच्या खांद्यावर बसून मी जत्रेतला कुस्त्यांचा फड पाहिला. हलगी कडाडायची, जोड सुटायची आणि निवेदक ओरडायचा, ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा!’ लढतोय एक आणि नाव दुसऱ्याचं का, हे मला कळत नसे. वडील बोटानं दाखवायचे. फडाच्या कडेला कान मोडलेला एक माणूस उकिडवा बसलेला असे. मातीत पोरानं ढाक लावली की इकडे त्याचा खांदा वळायचा. पट हुकला की मुठीत माती आवळली जायची. कुस्ती सोडून त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे, अंगानं मात्र ती सोडली नव्हती.

मोठेपणी कळलं, पैलवानाचा वस्ताद झाला की त्याचं नाव षष्ठीत जातं. काल फलाणा जिंकला, आज फलाण्याचा पठ्ठा जिंकला. एवढ्याशा ‘चा’मध्ये उरलेलं आयुष्य मावून जातं. मला हे खेळाडूच्या लढतीपेक्षा अवघड वाटतं. स्वतःची ताकद मोजता येते. दुसऱ्याच्या अंगात आपला डाव कधी उतरेल, याला माप नाही.

हरिश्चंद्र बिराजदारांनी 1970 साली एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरांचे ‘मामा’ झाले. हा मामा शब्द मला फार मोलाचा वाटतो. घर सोडून आलेल्या पोराला तालमीत आधी आजोळ लागतं, डाव मागाहून. आमच्याकडचीही पोरं केमच्या स्टेशनावर तुपाचा डबा मांडीवर घेऊन पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलेली मी पाहिली आहेत. पाटोद्याकडचा राहुल आवारे असाच मामांकडे आला. 2011 साली मामा गेले, तेव्हा त्यांच्याच तालमीत घडलेल्या काका पवारांनी त्याचा हात धरला. काका स्वतः ग्रीको-रोमनचे मल्ल, 1998 चे अर्जुन पुरस्कारविजेते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालता येत नाही. पट काढायची सोयच नाही, सगळा खेळ छाती-खांद्यांचा. त्या काकांनी आपल्या पद्धतीबाहेरच्या, फ्रीस्टाइलच्या पोराला उभं केलं. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं 57 किलो गटात सुवर्ण घेतलं. मामांचं पेरलेलं काकांच्या हाताखाली पिकलं. हे पीक नेमकं कुणाचं, असा वाद कुस्तीत कुणी घालत नाही, आणि घालूही नये.

पण काकांची खरी कसोटी जानेवारी 2020 ची. पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काकांचे पठ्ठे. एकाच कुस्ती संकुलातला घाम, एकाच्या पाठीचा दुसऱ्याला रोजचा सराव. वस्तादानं अशा वेळी कुणासाठी मूठ आवळायची? एकाचा हात वर होणार, म्हणजे आपलाच दुसरा खाली मान घालणार. मी त्या दिवशी टीव्हीसमोर बसून कुस्ती पाहिली आणि मला सारखा तो फडाच्या कडेचा उकिडवा माणूस आठवत राहिला.

हर्षवर्धन 3-2 नं जिंकला. जिंकल्यावर त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. हा डाव कुठल्याही आखाड्यात शिकवून येत नाही. तो वस्तादाच्या वागण्यातून पोरांच्या अंगात उतरतो.

तुमच्या गावच्या जत्रेत यंदा फड भरेल. निकाल लागला, गुलाल उडाला, की लगेच उठू नका. कडेला कान मोडलेला कुणी धोतराची माती झटकत असेल. त्याच्याजवळ जा आणि पठ्ठ्याचं नाही, त्याचं स्वतःचं नाव विचारा.