सलाईनची बाटली आणि थकलेले हृदय

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद अपुरी पडू लागली, की मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी पायांत उतरून सूज आणते व फुप्फुसांत साचून दम लावते. या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. मधुमेह हे तिचे एक मोठे कारण असून दोन्ही आजार एकाच देहात नांदू लागले, तर एकाचा उपचार दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या बाबतीत नांदुऱ्यात जे घडले, त्याचा सल अद्याप गेलेला नाही.

वडिलांना जुना मधुमेह होता आणि हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या अंगात त्राण उरले नाही, आडवे होताच दम लागून उशा रचून बसल्या बसल्या झोपावे लागले आणि चपलेचा पट्टा पायात रुतू लागला. गावातील एका खाजगी दवाखान्यात या साऱ्याला अशक्तपणा ठरवून सलाईन लावण्यात आले. उन्हाने माणूस गळून जातो अशा या भागात बाटली चढवणे हा उपचारापेक्षा रिवाजच झाला आहे, आणि पुष्कळदा रुग्णच ती मागतो. परंतु साध्या सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना तर निरोगी प्रौढालाही दिवसाकाठी ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. ज्याच्या ताटातले लोणचे-पापडही काढून घ्यायला हवे, त्याच्या शिरेतून दिवसभराचे मीठ पाहता पाहता आत गेले. दुसरी बाटली संपण्याआधीच श्वास घुसमटून फेसाळ थुंकी येऊ लागली आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून अकोला गाठावे लागले. तेथे प्राणवायू देऊन व लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाईडने फुप्फुसांत साचलेले पाणी बाहेर काढण्यात आले.

पुढे त्यांना डॅपाग्लिफ्लोझिन ही गोळी सुरू झाली, जी लघवीवाटे साखर बाहेर टाकते आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनुसार मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी पडते. मात्र उपवासात वा उलट्या होत असताना ती चालू राहिल्यास कीटोअ‍ॅसिडोसिस उद्भवू शकतो, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळते व कीटोन नावाची आम्ले रक्तात साचतात. अशा वेळी साखर फारशी वाढलेली नसल्याने घरचे मशीन फसवते. आषाढीच्या उपवासानंतर उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल व जलद झाला, तरी मशीनवरील आकडा २०० च्या आतच होता. अकोल्यात इन्सुलिनबरोबर याही वेळी सलाईनच लावले गेले, फक्त मापून आणि छाती पुन्हा पुन्हा तपासून. ज्या बाटलीला घराने विष मानले होते, तिनेच जीव वाचवला.

अशा रुग्णाचे वजन रोज सकाळी लघवीनंतर करावे व तीन दिवसांत २ किलोने वाढल्यास डॉक्टरांना कळवावे. साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू झाल्यास तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. उपवासाला बसण्याआधी किंवा उलट्या लागताच कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे, परंतु इन्सुलिन आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

लहान गावात इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी व कीटोनची तपासणी हाताशी नसते, हे मान्य केले की त्या दवाखान्याविषयीचा राग ओसरू लागतो. तथापि नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहणे, मानेची फुगलेली शीर न्याहाळणे आणि पाठीला स्टेथोस्कोप लावून चरचर ऐकणे यांसाठी वीजही लागत नाही, आणि बाटली टांगण्यापूर्वी एवढे तरी व्हायलाच हवे होते.