पावसात पाहिलेलं घर

मे महिन्यात पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ते घर मनात भरलं होतं. राजापूर तालुक्यातलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, चौपाखी मंगलोरी कौलांचं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, परसात विहीर. मालक काका 26 लाख सांगत होते. परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "25 ला देतील." मीही मान हलवली. 25 च का, हे आम्हां दोघांनाही सांगता आलं नसतं.

व्यवहार तिथेच ठरायचा, पण माझ्या मावसभावाने अडवलं. कोकणातलं घर जुलैत बघावं, आणि सुताराला सोबत घेऊन बघावं, हे त्याचं म्हणणं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातला बहुतेक सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांत. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडंच दिसतं.

म्हणून जुलैत सुतारकाम करणाऱ्या मेस्त्रींना घेऊन पुन्हा गेलो. मेस्त्री साठीच्या घरातले होते. आल्या आल्या घरात शिरले नाहीत. छत्री धरून खळ्यात उभे राहिले आणि बराच वेळ छपराकडे बघत होते. "वहिनी, आढं बघा. मधे बसलंय." मला आधी काही दिसेना. मग त्यांनी हातातली काठी आडवी धरली. तिच्या रेषेवरून पाहिल्यावर कळलं, छपराची पाठ मधोमध चार बोटं खाली वाकली होती. मे महिन्यात याच खळ्यात उभी राहून मी या घराचे फोटो काढले होते.

आत त्यांनी जिथे जिथे थेंब पडत होता तिथे खडूने गोल काढले. सात गोल झाले. मग हातोडीचा दांडा घेऊन खांबांचे पाय ठोकत गेले. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं. पडवीतला तिसरा खांब नुसता 'धप' म्हणाला. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून रंग शाबूत होता, आत वाळवीने भुगा केला होता.

खरा धडा मात्र कौलांनी दिला. फुटकी कौलं मोजायची, तेवढी नवी आणायची, असा माझा सोपा हिशेब होता. मेस्त्रींनी माळ्यावरून एक जुनं कौल काढलं, सोबत आणलेलं नवं त्याच्यावर ठेवलं. खाच खाचेत बसेना. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं होतं. मंगळुरात बाझल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, त्याच्यामागून इतर अनेक निघाले, आणि प्रत्येकाचा साचा केसभर वेगळा. त्या केसभर फटीतून पाणी आत येतं. म्हणून सगळी कौलं उतरवायची, चांगली जुनी पुढच्या आणि बाजूच्या पाख्यांवर चढवायची, मागचं पाखं पूर्ण नवं करायचं, असं ठरलं. छपराला साधारण 2000 कौलं लागत होती, त्यांतली 700 नवी.

कागदावर आकडे मांडले तेव्हा मी चकितच झाले. 700 कौलांचे, नगाला 40 रुपयांप्रमाणे, झाले फक्त 28 हजार. वासे, रिपा आणि आढ्याचा तुकडा मिळून 60 घनफूट लाकूड, 1800 च्या भावाने 1 लाख 8 हजार. उतरवणं, चढवणं, सुतारकाम, परांची आणि रस्ता संपतो तिथून घरापर्यंतची डोक्यावरची वाहतूक यांचे 1 लाख 64 हजार. म्हणजे छपराचे तीन लाख, आणि त्यात कौलांचा वाटा दहावा हिस्साही नाही. ज्याची किंमत दुकानात विचारता येते तेवढंच आपण मोजतो. मजुरी नि वाहतूक विचारायचं सुचतच नाही.

भिंतींना लोणा लागला होता. कुणीतरी मागे कधी जुन्या चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात बाहेर टाकतो. सिमेंटने ती वाट बुजवली, क्षार साचले, पोपडे सुटले. तो गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करायचा तर 1 लाख 10 हजार. लाकडी पट्ट्यांवरचं वायरिंग बदलून अर्थिंग करायचं तर 95 हजार. खांबांचे 45, वाळवीच्या औषधाचे 20. बेरीज 5 लाख 70 हजार.

"उघडल्यावर निघणारं काम धरलंत का?" मेस्त्रींनी विचारलं. नव्हतं धरलं. त्यांच्या सांगण्यावरून 15 टक्के वाढवले. हा आकडा सगळ्यांत उपयोगी ठरला. पुढे छप्पर उतरवलं तेव्हा आणखी एक भाल सडलेला निघाला आणि 52 हजार त्यातच गेले.

त्या रात्री आमच्या दोघांत वाद झाला. यांनी दुसरी यादी केली होती: खोलीला लागून न्हाणीघर, ग्रॅनाइटचा ओटा, फरशी. एकूण 4 लाख 20 हजार. ते पहिल्या यादीत मिळवून सगळी रक्कम काकांपुढे ठेवावी, असं यांचं म्हणणं. मला ते पटेना. सडलेला खांब हा घराचा दोष आहे. ग्रॅनाइटचा ओटा ही माझी हौस. माझ्या हौशीचे पैसे काकांनी का सोडावेत? शेवटी दुसरी यादी आमच्या वहीतच राहिली. आपल्याला एकूण किती परवडेल हे ठरवायला तीही लागतेच, पण ती फक्त आपल्यासाठी.

श्रावणात ओटीवर बसलो. वकिलांनी सातबारा, असेसमेंटचा उतारा तपासला होता, माझा शेतकरी असल्याचा दाखला तयार होता. मी काकांपुढे एकच कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. शाकारणीचं थोडं काम दर वर्षी निघतंच, ते आमच्या माथी नको, म्हणाले. तेही खरं होतं. वायरिंगवर निम्मं-निम्मं झालं. विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असतं आणि माजघराचे दरवाजे सागवानी आहेत, याची किंमत तुम्ही कुठे धरलीत, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली-वर होत 21 लाख 75 हजारांवर आलो.

मग ते म्हणाले, "या कागदाची एक प्रत द्या मला." धाकटे दोन भाऊ मुंबईत. सही त्यांचीही लागणार होती, आणि थोरला घर स्वस्तात घालवतोय, असं त्यांना वाटत होतं. पंधरा वर्षं या घरात पावसाळे काढले होते ते एकट्या काकांनी.

मी दुसरी प्रत पुढे केली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि 'वाळवीचे औषध' याच्या खाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: विहिरीचा कठडा, मागची बाजू, आतून सुटला आहे.

ते आमच्या कुणाच्याच नजरेला आलं नव्हतं.