भाकरी का फाटते

ज्वारीची भाकरी शिकणाऱ्याची पहिली भाकरी बहुधा परातीतच फाटते. बोल हाताला लागतो, पण निम्मा दोष धान्याच्या स्वभावाचा असतो. गव्हाच्या कणकेत मळताना ग्लूटेनचे जाळे तयार होते आणि तेच पोळीला धरून ठेवते. ज्वारीत ग्लूटेन नाही. म्हणून पोळ्यांवर हात बसलेले माणूसही भाकरीपुढे नवशिकेच ठरते.

सोलापूरकडे निदान धान्याची तक्रार करायला जागा नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत पावसाळा सरताना मालदांडी ज्वारीची पेर होते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक निघते. या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडीतूनच निवडलेला ‘एम 35-1’ हा वाणही याच जिल्ह्याचा. मात्र दाणा कितीही टपोरा असो, दळण जुने झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. महिन्याचे पीठ एकदम दळून आणणे ही काटकसर नव्हे, पुढच्या फाटक्या भाकऱ्यांची बेगमी होय.

यानंतर पाणी. ग्लूटेनचे काम इथे पिष्टाकडून करून घ्यावे लागते. आधणाचे पाणी पिठात पडले की पिष्टाचा काही भाग फुगतो, चिकट होतो आणि पीठ एकजीव होते. नळाच्या थंड पाण्याने हे साधत नाही. चार भाकऱ्यांचे पीठ एकदम भिजवून ठेवले, तर शेवटच्या गोळ्याचे काठ चिरतात. जाणत्या हाताखाली एकावेळी एकाच भाकरीचे पीठ असते आणि ते तळहाताच्या टाचेने रगडले जाते. चिमूटभर कणीक मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने भाकरी फाटत नाही हे खरे, पण मग पोळीच का करू नये?

थापताना खाली पिठी कमी पडली तर भाकरी परातीला चिकटते, जास्त झाली तर तव्यावर करपते. तव्यावर पिठीची बाजू वर येते आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात. हे पाणी पुरते वाळण्याआधी भाकरी उलटली नाही, तर वर भेगा पडतात आणि फुगताना वाफ त्यांतून निसटते. वेळ साधली तर शेवटी आरावर धरताच पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

इथवरचे सर्व जमूनही अर्ध्या तासात भाकरी वातड होते, तेव्हा नवशिक्यांचा धीर सुटतो. नेमकी ही गोष्ट सोलापूरने आपल्या बाजूने वळवून घेतली आहे. कडक भाकरी हा इथला आणि शेजारच्या विजापूर-कलबुर्गी पट्ट्याचा जिन्नस. तिकडे ती कन्नडमध्ये रोट्टी होते, पण कुरकुरते तशीच. ज्वारीची किंवा बाजरीची, वर तीळ पेरलेली, नेहमीपेक्षा पुष्कळ पातळ थापलेली ही भाकरी मंद आचेवर फडक्याने दाबत ओल जाईपर्यंत भाजतात. मऊ भाकरी निवली की आतले पिष्ट ओलीसकट आवळत जाते, म्हणून ती चिवट होते. कडक भाकरीत आवळायला ओलच उरलेली नसते. ती मोडते, ताणावी लागत नाही. हवाबंद डब्यात कित्येक दिवस राहते, प्रवासाला चालते आणि आमटीत चुरली तर तिच्यासारखी तीच. आता ती पाकिटांतून दूर शहरांत जाते. तिथे ती पापडासारखी नुसती खाल्ली जाते, हा मात्र तिच्यावर अन्याय आहे. जाडसर थापून राहिलेली, गार झालेली भाकरी तव्यावर पुन्हा टाकून कडक भाकरी होत नाही. वरून करपते, आत तशीच राहते. पातळपणा थापतानाच यावा लागतो, आणि तोच हात नवशिक्यांकडे नसतो.

भाकरीसोबतच्या शेंगाचटणीतली फसगत त्या मानाने साधी. भाजलेले दाणे, लसूण, जिरे, लाल तिखट आणि मीठ उखळात कुटले की दाण्यांचे तेल हळूहळू सुटते आणि चटणी मुठीत दाबली तर गोळा धरते. मिक्सर थोडा फिरला तर नुसते कूट, जास्त फिरला तर लगदा. उखळ नसेल तर थांबत थांबत फिरवावे आणि अधूनमधून चमच्याने ढवळून पाहावे.