किती झाले?

"किती झाले?" दवाखान्याच्या दारात चपला काढता काढता प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. बाकावरचा एखादा मुरलेला रोगी उत्तर देतो, "अजून डॉक्टरच आले नाहीत!" मग सगळे हसतात. त्या हसण्यात गंमत कमी आणि सवय जास्त असते.

बाबांबरोबर मी घाटकोपरच्या एका दवाखान्यात पहिल्यांदा गेले, तेव्हा पाटीवर वेळ होती सायंकाळी ६ ते ९. आमच्या हाती ३७ नंबरचा बिल्ला आला. डॉक्टर आले साडेसातला. मध्येच बॅगा सावरीत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आत गेले. कुणी ओळखीचे "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणून घुसले. कंपाउंडरला विचारावे, तर एकच ठरलेले उत्तर, "बसा हो, होईलच आता." या 'आता'ला घड्याळात जागा नाही. आमचा नंबर लागला तेव्हा दहा वाजायला आले होते.

बाबा शिवणकाम करतात. मजुरी नगावर. ती संध्याकाळ बुडाली, पुढच्या महिन्यातलीही तशीच बुडाली. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "आज राहू दे. बरं वाटतंय मला." मग साखर तपासणे राहूनच गेले. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम त्यांनी हळद लावून झाकून ठेवली. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. शेवटी अंगठा काढावा लागला. "चूक माझीच," असे बाबा म्हणतात. मला मात्र त्या दोन संध्याकाळी आठवतात.

डॉक्टर वाईट होते, असे मी म्हणणार नाही. आत गेल्यावर त्यांनी बाबांना शांतपणे तपासले होते. त्या दिवशी ते रुग्णालयात एका अत्यवस्थ रोग्यापाशी थांबले होते, हेही नंतर कळले. पण सहा वाजता आम्हाला कोणी एवढे सांगितले असते, तर बाबा दीड तास मशीनवर बसले असते. घाटकोपरच्या फलाटावर गर्दी काय कमी असते? पण तिथे गाडीला किती मिनिटे आहेत ते इंडिकेटर सांगतो. दवाखान्याला इंडिकेटर नाही.

संख्याशास्त्र शिकणाऱ्या मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली. १९५२ साली नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा उपाय साधा होता. सुरुवातीला दोघांना बोलवा. पुढे एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो, तेवढ्या अंतराने एकेकाला बोलवा. डॉक्टरांचा वेळ फारसा वाया न जाता रोग्यांचे ताटकळणे कितीतरी कमी होते. अर्थात डॉक्टर वेळेवर यायला हवेत!

कायदाही आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा तेव्हाच्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पण तीन-चार तास बाकावर बसवले म्हणून दाद मागायला कोण जाणार? उद्या त्याच डॉक्टरांपुढे हात करायचा असतो.

आता बाबांचा बिल्ला मीच घेऊन बसते. तिसावा नंबर आत गेला की त्यांना फोन करते. परवा अशीच पुस्तक उघडून बसले होते. शेजारच्या आजींनी विचारले, "किती झाले गं?"

त्यांचा बिल्ला ५० नंबरचा होता. मी म्हटले, "एकतीस. तुम्हाला अजून तासभर तरी लागेल, आजी. घरी जाऊन या, मी लक्ष ठेवते."

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना असे कोणी सांगितलेच नव्हते.