दुखणं दिसत नाही

भाताच्या रोवणीत भिजला की आमच्या लहान्याची हाडं ठणकायची. गडचिरोलीकडच्या आमच्या गावात त्याला 'वात' म्हणत. माय रात्रभर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्याला शेकायची. पुढे तालुक्याला रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं, सिकलसेल. माय-बाप दोघंही वाहक. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, अन् पुढं रक्तच जात नाही. विळा म्हटल्यावर मायला लगेच समजलं.

शेतीचं काम त्याला झेपेना. 2019 च्या पावसाळ्यात मी त्याला मीरा रोडला बोलावलं. सिल्व्हर पार्कला माझी भाड्याची खोली. बसून करायची वॉचमनची नोकरी पाहू, असा विचार. नागपूरहून सेवाग्राम एक्स्प्रेसनं आला, दादरला उतरून लोकल धरली, स्टेशनबाहेर चिंब भिजला. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी दुखण्याचे फेरे कमी होतात, बंद होत नाहीत. रात्री दोनला कंबर अन् मांड्या धरल्या. रिक्षा करून दवाखान्यात नेलं.

तो डॉक्टरांना एवढंच म्हणाला, "साहेब, साध्या गोळीनं नाही होत. मले ट्रामाडोलचं इंजेक्शन देतात."

औषधाचं नाव घेतलं अन् तिथंच बिघडलं. डॉक्टरांनी त्याचे दंड उलटून पाहिले. सलाइनच्या जुन्या खुणा होत्याच. मला बाजूला घेऊन विचारलं, "नशा करतो का? एवढं दुखत असतं तर असा गप पडला असता?"

त्यांना कसं सांगू? वीस वर्षं दुखणारा माणूस ओरडत नाही, दात आवळतो.

भीती अगदीच खोटी नाही. अफूच्या जातीची औषधं जास्त झाली तर श्वास मंदावतो, सवयही लागू शकते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं दवाखान्यांना कागदपत्रांचा धाक बसला. 2014 ला मॉर्फिनसारख्या औषधांसाठी परवान्याची वाट सोपी झाली, 2018 ला ट्रामाडोल त्याच कायद्याखाली आलं. अफू आपल्याच देशात, नीमच-मंदसौरकडं, सरकारी परवान्यानं शेतात पिकते. अन् लहाना मात्र बाकड्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पहाटेची वाट पाहत होता.

सकाळी मोठ्या मॅडम आल्या. जुनी फाइल वाचली, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, श्वासावर लक्ष ठेवायला सिस्टरला बसवलं. अर्ध्या तासानं तो झोपला. जाताना त्यांनी कागदावर लिहून दिलं: आजार कोणता, वजन किती, दुखलं तर कोणतं औषध, किती, अन् काय सांभाळायचं.

लहान्याला पुढं इथंच नोकरी लागली. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून वर्दीच्या खिशात असतो. माय आली तेव्हा तिनं विचारलं, "काय लिवलं हाय रे त्यात?"

"मी खरं बोलतो, असं लिवलं हाय, माय."