सुभाष रोडच्या मागचं अंगण

आमचं माहेरचं घर धारवाडच्या सुभाष रोडला लागून असलेल्या एका बोळात आहे. रस्त्यावर कापड, भांडी, पुस्तकं, स्कूटरचे हॉर्न. बोळात वीस पावलं आत आलात की कढीपत्त्याचा वास. याच रस्त्यावर एका माडीवर मनोहर ग्रंथमालेचा प्रसिद्ध 'अट्टा' आहे. जी. बी. जोशींनी १९३३ साली सुरू केलेली ही प्रकाशन संस्था. गिरीश कार्नाडांचं पहिलं नाटक 'ययाती' १९६१ मध्ये इथूनच निघालं. मराठी मातृभाषा असलेल्या द. रा. बेंद्र्यांना कन्नड कवितेसाठी ज्ञानपीठ मिळालं, तेही याच गावचे. त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड यात आम्हाला कधी काही विशेष वाटलं नाही. आईचा दोडका बाजारात गेला की हिरेकाई होतो आणि अंबाडी पुंडीपल्ले होते, एवढंच.

घरामागे साधारण वीस फूट बाय पंधरा फुटांचं अंगण आहे. मी बीई होऊन बंगळुरूला आले, लग्न झालं, लेक झाली. या सगळ्या काळात त्या अंगणात दर पावसाळ्यात दोडका, कारलं, भेंडी, गवार आणि अंबाडी असायचीच. गेल्या पावसाळ्यात मात्र आई तिथल्या चिखलात घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा तेव्हापासून दुखतोच आहे.

एप्रिलमध्ये अण्णांचा फोन आला. "मागं सगळं पेव्हर ब्लॉक घालून टाकू या. चिखल नको, वाकणं नको." मी मीटिंगमध्ये होते. "उत्तम कल्पना, अण्णा," म्हटलं आणि त्याच संध्याकाळी पैसे पाठवून दिले. काम जूनच्या आधी उरकायचं ठरलं. एक प्रश्न सुटला, असं मनात आलं. लांब राहणाऱ्या मुलांना पैसे पाठवून प्रश्न सोडवायची सवय लागते. तुमच्यापैकी अनेकांना ती ओळखीची असेल.

मेच्या शेवटच्या आठवड्यात लेकीला घेऊन गेले. हुबळी स्टेशनवर तिने १,५०७ मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब फलाट चालून बघायचा हट्ट धरला आणि अर्ध्यात माझ्या कडेवर आली. पुढे 'चिगरी' बसने धारवाड. घरी उन्हाळ्याची शेवटची कामं चालली होती. गच्चीवर सांडगी मिरच्या वाळत होत्या, आणि आभाळ आलं की सगळ्यांची पळापळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "चल, बी आणू या." मी गप्प राहिले. ब्लॉकवाला चार दिवसांनी येणार होता.

दुकानदार आईला तीस वर्षं ओळखतात. "बर्री, अक्का," म्हणून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि न विचारता पुड्या काढायला लागले. आईने हात आडवा केला. "यंदा दोडका आणि अंबाडी, बस." त्यांनी आश्चर्याने बघितलं. "इष्टे?" इतकंच? आई हसली. "कुंडीत मावेल तेवढंच."

परत येताना लेक तिचं बोट धरून बडबडत होती. मी मागून चालत होते आणि मला आईचं ते हसणं दिसत होतं. एप्रिलपासून अंगणाबद्दल मी अण्णांशी बोलले, ब्लॉकवाल्याशी बोलले, नवऱ्याशीही बोलले. आईला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दुपारी विचारलं. ती मिरच्या निवडत होती. "तुम्ही माझ्या काळजीनेच करताय, मला काय कळत नाही?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण सकाळी उठून मागचं दार उघडायचं कशाला, ते सांग."

रात्री अण्णांशी वाद झाला. "ती परत पडली तर तू चारशे किलोमीटरवरून धावत येणार आहेस का?" त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्यांचंही खरं होतं. आई पडली तेव्हा तिला उचलणारे ते एकटेच होते.

झोप येईना. शेवटी कागद घेऊन बसले. आईला त्रास दोनच गोष्टींचा होता: निसरडी वाट आणि वाकणं. मग सगळी माती कशाला झाकायची? वाट पक्की करायची आणि माती वर उचलायची. दारापासून नळापर्यंत आणि वाफ्याच्या चारही बाजूंनी खडबडीत ब्लॉक. मधे विटांचा आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच वाफा, म्हणजे उभ्याने काम होतं आणि दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. अण्णांनी कागद बराच वेळ पाहिला. "पाणी कुठून जाणार?" त्यांनी विचारलं, तेव्हाच मला कळलं की जमलं.

पुढचे चार दिवस घर म्हणजे कारखाना होता. पडक्या न्हाणीच्या विटा कामी आल्या. तळाशी पाणी निघायला भोकं ठेवली. खाली विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग वाळका पाला; चांगली माती आणि शेणखत फक्त वरच्या फूटभरात. भाजीला तेवढं पुरतं. पाला कुजला की वाफा काही इंच खाली बसतो, तेव्हा वरून पुन्हा खत घालायचं. मातीसाठी अंगणातलीच माती चाळून घेतली. ती टाकायला आईने साफ नकार दिला होता.

३० मेच्या संध्याकाळी वळीव कोसळला. लेकीला लगेच बी पेरायचं होतं. आईने थांबवलं. "वापसा येऊ दे." दोन दिवसांनी तिने नातीच्या हातात मूठभर माती दिली, लाडू वळायला लावला आणि खाली टाकायला सांगितला. लाडू फुटला. चिखलासारखा चिकटून राहिला असता तर अजून थांबायचं होतं. माझ्या मुलीला 'वापसा' हा शब्द आता कायमचा समजला. मला तो शाळेच्या पुस्तकातून कधीच समजला नव्हता.

दोडक्याच्या बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल लावल्या, कडेला, म्हणजे वेल मांडवावर चढेल. मधे भेंडी आणि गवार. हो, आई पुन्हा दुकानात जाऊन आली होती.

मृग लागायच्या आत आम्ही बंगळुरूला परतलो. सातव्या दिवशी अण्णांनी फोटो पाठवला: दोडक्याची दोन जाड पानं, शेजारी मापाला त्यांचा चष्मा. खाली लिहिलं होतं, "पाच उगवले. उद्या सुतळी बांधतो."

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. परवा व्हिडिओ कॉलवर लेकीने विचारलं, "अज्जी, तू कुठे आहेस?" फोन हलला आणि दिसलं, आई वाफा सोडून कोपऱ्यातल्या उरलेल्या मातीत बसून अंबाडी पेरत होती. अण्णा मागून ओरडत होते. आईने शांतपणे सांगितलं, "अंबाडीला जमीनच लागते."

लागते की नाही, कुणास ठाऊक. या वेळी मी काही बोलले नाही. फक्त त्या कोपऱ्यापर्यंत चार ब्लॉक आणखी टाकायला सांगितले, आणि सांगण्याआधी आईला विचारलं.