नावाची मोकळी जागा

नांदेडच्या जुन्या बाजारात मिळालेल्या छायाचित्रातील शिपायाचा आम्ही शोध घेत आहोत. त्याच्या खांद्यावर ‘९४’ हा आकडा दिसतो. हैदराबाद कंटिंजंटमधील रसेल्स इन्फन्ट्रीला तो १९०३ मध्ये मिळाला आणि १९२२ च्या पुनर्रचनेत गेला. छायाचित्र या दरम्यानचे असावे. पुढे ही पलटण हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव ‘कुमाऊँ’ झाले. पलटणीची वंशावळ अशी लागते. माणसाची लागत नाही.

लातूरच्या एका कुटुंबाला हे आपले पणजोबा वाटतात. आधार केवळ चेहरेपट्टीचा. पोथीतला खंडित शब्द संपादकाने पदरचा घालू नये, असे आम्ही वर्गात शिकवतो. म्हणून मागे पलटण आणि वर्षे लिहिली, नाव लिहिले नाही. त्या घरच्या आजींना हे पटलेले नाही. आणि त्यांचे चुकते, असेही आम्हांला म्हणवत नाही.